उजनीच्या फुगवट्यावर पट्टकदंबांचे फोटो : कडा मऊ, डोकं जळलेलं, थवा पाठमोरा

पाणपाखरू

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात उजनी धरणाच्या काठच्या भिगवण-कुंभारगाव भागात दोन सकाळी आणि एक संध्याकाळ मिळणार आहे. फोटो हवेत ते फक्त पट्टकदंबांचे, म्हणजे डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या असलेल्या हंसांचे. बरेच जण त्यांनाच राजहंस म्हणतात.

साहित्य : क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असलेली) मिररलेस बॉडी, १५०-६०० मिमी एफ ५-६.३ झूम, ट्रायपॉड, मोनोपॉड.

आधीच्या फोटोंची माहिती : होडीतून, सकाळी १०:४०, ६०० मिमी, शटर १/८०० सेकंद, एफ ६.३, आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), अंतर अंदाजे ८० मीटर, पक्षी चिखलाच्या पट्टीवर उभे. त्यांत तीन दोष आहेत.

पहिला, पक्षी स्थिर असूनही एकही फ्रेम शार्प नाही. फोकसचा चौकोन मात्र प्रत्येक फ्रेममध्ये डोक्यावर बसलेला दिसतो. दुसरा, डोकं आणि मानेची पांढरी पट्टी जळलेली आहे, पिसांचा पोत अजिबात नाही. तिसरा, उडतानाचे सगळे फोटो शेपटीकडून आलेत.

होडीतूनच काढावेत की काठावरून? किती वाजता? किती जवळ जाणं योग्य? आणि १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारं, प्रतिमा मोठी करणारं भिंग) घेतल्यास उपयोग होईल का?

भीमाकाठ

मऊपणापासून सुरुवात करतो, कारण त्याचं निदान न करता सेटिंग बदलली तर पुढच्या खेपेलाही हेच होईल.

फोकस चुकला असेल ही शक्यता कमी. क्रॉप सेन्सरवर ६०० मिमी, एफ ६.३ आणि ८० मीटर अंतर म्हणजे पुढे-मागे मिळून साधारण साडेचार मीटरचा पट्टा शार्प असतो. फोकस एक मीटर इकडेतिकडे झाला तरी हंस त्या पट्ट्यातच राहतो. उरली दोन कारणं : तापलेल्या हवेची थरथर आणि होडीची हालचाल. वेळ १०:४० म्हणजे दोन्ही एकत्र असणार.

वेगळं कसं ओळखायचं? स्थिर उभ्या पक्ष्याच्या आठ-दहा फ्रेमची एक बर्स्ट (सलग फोटो) घ्या आणि १०० टक्के मोठी करून एकामागून एक पाहा. प्रत्येक फ्रेममध्ये कडेचा आकार वेगळा असेल, पाय कधी वाकडे कधी सरळ, चोचीची रेघ कधी दुहेरी, तर ती हवा आहे. सगळ्या कडा एकाच दिशेने ताणलेल्या असतील, म्हणजे उभ्या रेषा मऊ पण आडव्या ठीक किंवा उलट, तर तो हात किंवा होडी. पक्षी मऊ पण त्याच्या पुढचा किंवा मागचा चिखल शार्प असेल तरच फोकसला दोष द्या.

थरथरीवर कॅमेऱ्यात इलाज नाही. शटर १/४००० केलं तरी वाकडी झालेली प्रतिमाच गोठते. कारण असं की उन्हाने काळा गाळ लवकर तापतो, शेजारचं पाणी थंड राहतं, आणि वेगवेगळ्या तापमानाच्या हवेचे थर एकमेकांत मिसळत राहतात. होडीतून किंवा काठावर झोपून खालच्या कोनातून फोटो काढताना नजरेची रेघ त्या थरांतूनच जाते, तीही सगळं अंतर. म्हणून उपाय दोनच : लवकर जा, आणि अंतर कमी होईल अशी जागा आधी धरा. जानेवारीत तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पहिले दोन-अडीच तास कामाचे. साडेनवानंतर जमिनीवरच्या पक्ष्यांचे जवळचे फोटो सोडून द्या आणि उडत्या पक्ष्यांकडे वळा, कारण वर आकाशाकडे रोखलेल्या लेन्सला जमिनीलगतचा थर फारसा आडवा येत नाही.

थंडीच्या पहाटे एक चूक सहज होते. लेन्स उबदार खोलीतून किंवा हीटर लावलेल्या गाडीतून थेट थंड हवेत काढली तर नळीतली आणि हुडमधली गरम हवा स्वतःच थरथर निर्माण करते. वापरण्याआधी वीस-तीस मिनिटं लेन्स बाहेरच्या हवेत राहू द्या. गाडीच्या खिडकीतून काढताना हीटर बंद आणि सगळ्या काचा खाली. आतलं आणि बाहेरचं तापमान एक झालं पाहिजे.

टेलिकन्व्हर्टर नकोच. एफ ६.३ चं एफ ९ होतं, पहाटेच्या प्रकाशात आयएसओ दुप्पट चढतो, फोकस रेंगाळतो, आणि हवेची थरथरही १.४ पट मोठी होते. हंस सुमारे पाऊण मीटर लांबीचा आहे. तुमच्या सेन्सरवर ६०० मिमीला ८० मीटरवरून तो चौकटीच्या रुंदीच्या पाव भागात बसतो, ४० मीटरवरून निम्म्या. पाव भागाचा फोटो कमी नाही. मागे पाणी, शेजारी जोडीदार, थोडा चिखल, असं दिसलं तर तो पक्षी कुठे राहतो तेही फोटोत येतं.

होडीतलं शटर : ६०० मिमीला इंजिन बंद असतानाही १/१६०० च्या खाली जाऊ नका. १/८०० हे काठावर बीनबॅगवर (लेन्स टेकवायच्या धान्य भरलेल्या पिशवीवर) चालेल, होडीत नाही. या वर्गातले बरेच झूम ६०० ला पूर्ण उघडे असताना किंचित मऊ असतात, तेव्हा प्रकाश असेल तर एफ ७.१ किंवा ८ वर या.

कृष्णधवल

पांढऱ्या डोक्याबद्दल.

अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत कॅमेरा सरासरी मोजतो. गडद ओला चिखल आणि निळंकाळं पाणी चौकटीत जास्त असलं की तो ते उजळ करायला जातो आणि त्यात डोकं जळतं. तोच पक्षी उडून आकाशासमोर गेला की उलटं घडतं, कॅमेरा आकाश पाहून एक्स्पोजर कमी करतो आणि हंसाचं पोट काळपट येतं. पक्ष्यावरचा प्रकाश मात्र दोन्ही वेळा तोच असतो. म्हणून उन्हात पूर्ण मॅन्युअल वापरा, ऑटो आयएसओही बंद.

सुरुवातीचे आकडे, तुमच्या पाठीमागून सरळ ऊन असताना :
सूर्य चांगला वर, आकाश स्वच्छ : आयएसओ ४००, एफ ६.३, १/३२००.
उगवल्यानंतर साधारण अर्ध्या तासाचा सोनेरी प्रकाश : आयएसओ १२५०, एफ ६.३, १/२०००.

हे आकडे जसेच्या तसे ठेवायचे नाहीत. एक फ्रेम काढा, पडद्यावर जळलेले भाग लुकलुकून दाखवणारी सोय चालू ठेवा, आणि डोकं लुकलुकू लागेपर्यंत एक्स्पोजर तृतीयांश स्टॉपने वाढवत जा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश). लुकलुकलं की एक पायरी मागे. तिथेच थांबा. सूर्य वर चढत असताना दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, पहिल्या तासात प्रकाश झपाट्याने वाढतो. ही लुकलुक जेपेगच्या हिशोबाने असते, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) त्याहून थोडी जागा असते, पण त्या जागेवर आधीच विसंबू नका.

हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा पाहा. या हंसाची चोच पिवळी-नारिंगी आणि पाय नारिंगी. पहाटेच्या लालसर उन्हात पांढरं सुरक्षित असूनही लाल रंगाची रेघ उजवीकडे आपटते आणि चोच एकसलग नारिंगी ठिपक्यासारखी दिसते, तिच्या टोकाचं काळं नख तेवढं वेगळं उरतं. अशा वेळी आणखी तृतीयांश स्टॉप कमी करा.

व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवा. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा सकाळचं सोनं धुऊन टाकतो आणि प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येतो. रॉमध्ये नंतर बदलता येतं हे खरं, पण पडद्यावर जे दिसतं त्यावरूनच तुम्ही जागेवर निर्णय घेणार असता.

ढग असतील किंवा सूर्य उगवायच्या आधीचा प्रकाश असेल तर मॅन्युअलसोबत ऑटो आयएसओ चालेल. कॅमेऱ्याने मोजलेल्या एक्स्पोजरमध्ये एवढा फरक करा : चिखल किंवा गडद पाणी मागे असेल तर उणे ०.७ स्टॉप, करड्या पाण्यासमोर उणे ०.३, आकाशासमोर अधिक १ ते १.३. हे कॉम्पेन्सेशन एखाद्या चक्रावर बसवून ठेवा. पक्षी चिखलावरून आकाशात जायला दोन सेकंद लागतात, तेवढ्या वेळात मेनू उघडत नाही.

आणखी एक. डोळ्याच्या फोकसचा चौकोन कुठे बसतो ते तपासा. वरची काळी पट्टी एका डोळ्यापासून डोक्यामागून दुसऱ्या डोळ्यापर्यंत जाते. मान वळलेली असताना काही बॉडी डोळा सोडून त्या पट्टीची कड धरतात, कारण तिथला काळा-पांढरा फरक सगळ्यात ठळक. लांबून फरक पडत नाही. २५-३० मीटरवर पडतो.

बांधावरून

थवा उडतो आणि पाठमोरा मिळतो, याचं कारण सेटिंगमध्ये नाही. होडी कशी नेली यात आहे.

आधी त्यांचा दिवस समजून घ्या. हे हंस मुख्यतः चरणारे आहेत : कोवळं गवत, हरभरा, गव्हाचे कोंब, कापणीनंतर सांडलेलं धान्य. चरणं बरंचसं संध्याकाळ ते पहाट. दिवसा ते उघड्या चिखलपट्टीवर, बेटावर किंवा उथळ पाण्यात विसावतात, जिथून चारी बाजूंचं लांबवर दिसतं. म्हणजे होडीतून आपण जातो ती त्यांची झोपेची आणि पंख साफ करण्याची वेळ असते. पहाटे शेतातून पाण्याकडे परतणारे थवे आणि संध्याकाळी पाण्यावरून शेताकडे निघणारे थवे, या दोन वेळांना ते आपणहून उडतात. उडतानाचे फोटो तेव्हाच काढायचे. त्यासाठी कुणाला उठवावं लागत नाही.

होडी ठरवताना 'पक्षी दाखवा' एवढंच म्हणू नका. कुंभारगाव, डिकसळ या बाजूंना येणारे बहुतेक जण फ्लेमिंगोंसाठी येतात, होडीही आपोआप तिकडे वळते. पट्टकदंब हवेत, आदल्या संध्याकाळी ते कुठल्या पट्टीवर उतरले, आणि तिथे उजाडण्याआधी पोहोचता येईल का, हे तीन प्रश्न आदल्या दिवशीच विचारा. रोज पहाटे जाळी काढणाऱ्या माणसाला हे नेमकं ठाऊक असतं. धरणाचं पाणी सिंचनासाठी सुटत जातं तशी काठाची रेघ सरकते. डिसेंबरात बेट असलेली जागा फेब्रुवारीत काठाला जोडलेली असते. पावसाळा जोरदार होऊन धरण काठोकाठ भरलं असेल त्या वर्षी चिखलपट्ट्या उशिरा उघड्या पडतात आणि थवे विखुरतात. मागच्या वर्षीच्या जागेवर जाऊन थांबण्यात अर्थ नाही.

होडी नेण्याची रीत : थव्यावर सरळ नाक धरून जायचं नाही. त्याच्या बाजूने जाणारी तिरकी वाट धरायची, जणू आपण पुढे कुठेतरी निघालोय. दीडशे मीटरवर इंजिन बंद. तिथून वल्हं किंवा बांबू, तोही होडीच्या कडेवर न आपटता. दर दहा-पंधरा मीटरला दोन मिनिटं थांबा. कुणीही उभं राहायचं नाही. माणसाची उभी आकृती त्यांना होडीपेक्षा जास्त घाबरवते.

थांबायचं कधी हे पक्षीच सांगतात. एका पायावर उभे, चोच पाठीच्या पिसांत, काही बसलेले : सगळं ठीक. तीन-चार माना सरळ वर : नोंद घेतली गेली, थांबा. निम्म्या माना वर आणि चालत लांब जाणं सुरू : तुम्ही जास्त जवळ आलात, मागे घ्या. माना वर, डोकी झटक्याने हलतायत, एकमेकांना हाका वाढल्यात, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला : आता ते उडणार. तिसऱ्या पायरीवर मागे फिरलात तर बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत माना खाली जातात आणि पुढचा अर्धा तास तुम्हाला शांत थवा मिळतो. अंतर मीटरमध्ये ठरवता येत नाही. ज्या पट्टीजवळून रोज मासेमारीच्या होड्या जातात तिथले पक्षी ५० मीटरवर निवांत असतात, एकांतातले १५० वरच उठतात.

त्याहून चांगलं म्हणजे त्यांच्या आधी पोहोचणं. उजाडायच्या अर्धा तास आधी होडी रिकाम्या पट्टीपासून ५०-६० मीटरवर नांगरून, खाली बसून, बोलणं बंद. शेतातून परतणारा थवा स्थिर होडी पाहूनही उतरतो, कारण ती त्याच्याकडे सरकलेली नसते.

वारा हे पाठमोऱ्या फोटोंचं उत्तर. हे जड पक्षी उठतात आणि उतरतात ते वाऱ्याकडे तोंड करून. वारा तुमच्या तोंडावर येत असेल तर ते तुमच्यापासून लांब उडणार, आणि उतरताना पाठ दिसणार. वारा तुमच्या पाठीवर हवा. हिवाळ्यात या भागात सकाळचा वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असतो, सूर्यही पूर्वेला. म्हणजे थव्याच्या पूर्वेला राहून पश्चिमेकडे तोंड केलं तर प्रकाश आणि वारा दोन्ही पाठीशी येतात. लेन्स हुडला वीतभर लोकरीचा धागा बांधा, दिशा बदलली की लगेच कळते. संध्याकाळी सूर्य आणि वारा सहसा विरुद्ध बाजूंना असतात. तेव्हा पुढून उजेड मिळवण्याचा हट्ट सोडून आकाशासमोरच्या काळ्या आकृत्या घ्या.

होडीवाल्याला निघतानाच स्पष्ट सांगा की उडवायचं नाही, टाळी नाही, इंजिनाचा जोर नाही. गिऱ्हाइकाला उडता थवा हवा असतो हा अनुभव त्याला आपल्यासारख्यांनीच दिलाय, त्यामुळे न सांगता तो मदत म्हणून तेच करतो. आणि थवा उठला तर त्या दिवशी त्याच्या मागे दुसऱ्या पट्टीवर जाऊ नका. हे पक्षी तिबेट, मंगोलिया, लडाखच्या तळ्यांवरून हिमालय ओलांडून येतात. उड्डाणाच्या मोजमापांत ७,२९० मीटर उंचीवर त्यांची नोंद झाली आहे. मार्चपर्यंत परतीसाठी अंगावर चरबी चढवायची असते. दिवसातून चार वेळा उठवलेला थवा तेवढी विश्रांती गमावतो, आणि काही दिवसांनी ती पट्टीच सोडतो.

पाणपाखरू

सगळं टिपून घेतलं. आधीचा वारा तोंडावरच होता, फोटोतल्या पाण्याच्या लाटांवरून आता कळतंय.

आणखी तीन गोष्टी विचारतो. होडीत ट्रायपॉड घ्यावा का? काठावरून किंवा शेतातून काढायचे असतील तर काय काळजी घ्यावी? आणि पूर्ण थवा उडताना सगळे पक्षी शार्प येण्यासाठी काय करावं?

भीमाकाठ

होडीत ट्रायपॉड नको. पाय पसरायला जागा नसते आणि होडीचा प्रत्येक हेलकावा तो थेट लेन्सपर्यंत पोहोचवतो. मोनोपॉडचंही तेच. होडीच्या तळावर मांडी घालून बसा, कोपर गुडघ्यावर. किंवा बीनबॅग कडेच्या फळीवर. तिच्यात दोन किलो तांदूळ किंवा ज्वारी भरा, पण गच्च नाही, तीनचतुर्थांश. गच्च भरली की लेन्स वरून घसरते. भिजली तर तांदूळ फुगतो आणि वास येतो, म्हणून आत धान्य आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत. इंजिन चालू असताना बीनबॅग फळीवर ठेवून काढलेले फोटो हमखास हलतात.

स्टॅबिलायझर : बसलेल्या पक्ष्यांसाठी नेहमीची पद्धत, उडत्यांसाठी पॅनिंगची, म्हणजे पक्ष्यासोबत लेन्स फिरवताना वापरायची. १/२५०० च्या पुढे बंद केला तरी चालेल, आणि काही जुन्या झूममध्ये बंद केल्यावर व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा उडी मारत नाही, त्यामुळे पाठलाग सोपा जातो. फोकस लिमिटर (फोकस किती अंतरापर्यंत शोधावा हे मर्यादित करणारं बटण) लांबच्या टोकाला ठेवा. जवळचं गवत किंवा होडीची दोरी मध्ये आली तर फोकस पार खालपर्यंत जाऊन परत येईतो थवा निघून गेलेला असतो.

थव्याचं गणित : तुमच्या सेन्सरवर ६०० मिमी, एफ ८, ५० मीटर म्हणजे जेमतेम सव्वादोन मीटर खोली. त्यात उडत्या थव्यातले दोन-तीनच पक्षी बसतात. झूम मागे घेऊन ४०० मिमीला आलात आणि थवा ६० मीटरवर असेल तर एफ ८ ला सात मीटरच्या आसपास मिळते. म्हणून थव्यासाठी ३००-४०० मिमी, एफ ८, १/२०००. रांग तुमच्या समोरून आडवी जात असताना काढा, तेव्हा सगळे जवळजवळ एकाच अंतरावर असतात. फोकस रांगेतल्या सगळ्यात जवळच्या पक्ष्यावर, कारण मागचा किंचित मऊ असला तर डोळा ते सहन करतो, पुढचा मऊ असला तर करत नाही. बदकांपेक्षा यांची पंखांची लय संथ आहे, त्यामुळे १/२००० ला टोकंही गोठतात. आणि एकमेकांवर आलेल्या पक्ष्यांचे फोटो घरी बाद होतातच. शटर सतत दाबून धरण्यापेक्षा रांग मोकळी झाल्यावर अर्ध्या सेकंदाच्या छोट्या बर्स्ट घ्या.

संध्याकाळच्या आकृत्यांसाठी सूर्याच्या शेजारच्या आकाशावर एक्स्पोजर मोजा, सूर्यावर नाही. १/१२५० पुरेसं. माना आणि पंख वेगवेगळे दिसतात तेवढ्याच फ्रेम ठेवा.

बांधावरून

शेतातल्या पक्ष्यांसाठी गाडी हा उत्तम आडोसा. शेतरस्त्यावर पहाटे थांबा, इंजिन बंद, काच खाली, बीनबॅग दारावर, पुढचे दिवे आधीच बंद. दार उघडलं की थवा गेला. शेतकऱ्याला आदल्या दिवशी विचारा आणि उभ्या हरभऱ्यात किंवा गव्हात पाऊल टाकू नका. हंस त्याचं पीक चरतात म्हणून तो त्यांना हाकलत असतो. आपण तिथे आहोत म्हणून हाकलू नका असं त्याला सांगण्याचा हक्क आपल्याला नाही.

काठावर झोपून काढणार असाल तर डोळ्याच्या पातळीचा कोन मिळतो, तो होडीतून येत नाही. लेन्सखाली बॉलहेड (सगळीकडे फिरणारी पकड) बसवलेला जुना सपाट तवा ठेवला तर तो चिखलावरून सरकवता येतो. पण काठाच्या काळ्या गाळावर विश्वास ठेवू नका. वरचा थर वाळून भेगाळलेला दिसतो, खाली दही असतं. आधी काठी खुपसा. वीतभर सहज गेली तर तिथून परत फिरा. कॅमेरा वाचवताना माणूस आणखी खोल जातो, त्यामुळे एकट्याने तर जाऊच नका. बांधाआड झोपण्याआधी कपारी आणि पाचोळा पाहून घ्या. हिवाळ्यात घोणस उन्हाला बाहेर पडते.

उजाडायच्या आधी जागेवर झोपून, मातकट रंगाचं जाळीचं कापड अंगावर आणि लेन्सवर. पक्षी आल्यानंतर रांगत जवळ जाणं इथे साधत नाही, मोकळ्या पट्टीवर त्यांना सगळं दिसतं. निघतानाही थवा आपणहून सरकेपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून अडीच-तीन तास मोकळे ठेवूनच झोपा.

कृष्णधवल

थव्यात काय शोधायचं याबद्दल थोडं, कारण दोनशे सारख्या पक्ष्यांचा फोटो लवकर कंटाळवाणा होतो.

या वर्षीच्या पिल्लांच्या डोक्यावर काळ्या पट्ट्या नसतात. डोकं आणि मानेचा मागचा भाग करडा-तपकिरी, एकूण रंग मळका. हंसांची कुटुंबं हिवाळाभर एकत्र राहतात, त्यामुळे पट्ट्यांचे दोन आणि बिनपट्ट्यांचे दोन-तीन असे जवळजवळ चरताना दिसले की तेच घर. त्यांच्यावर लेन्स धरून थांबा. दुसरी जोडी जवळ आली की नर मान जमिनीलगत लांब करून धावून जातो, आणि परतल्यावर दोघं एकत्र ओरडतात. ही हालचाल सेकंद-दोन सेकंदांची, शटर १/१६०० तरी हवं. पंख साफ करून झाल्यावर पक्षी जवळजवळ नेहमी ताठ उभा राहून पंख फडफडवतो. साफसफाई संपत आलेला पक्षी निवडा, चौकटीत वर आणि दोन्ही बाजूंना पंखांपुरती जागा सोडा, आणि थांबा. पंख कापलेले फोटो येतात ते ६०० मिमीचा मोह न आवरल्यामुळे.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जाणार असाल तर तिथे मनोऱ्यांवरून पाहावं लागतं, कोन वरून खाली येतो. पाण्यावरचे थवे आणि डोक्यावरून जाणाऱ्या रांगा यांना ती जागा चांगली, डोळ्याच्या पातळीच्या फोटोंना नाही. ते अभयारण्य आहे, ड्रोनचा विचारही नको. उजनीवरही नको. वरून येणारी वस्तू या पक्ष्यांना शिकारी पक्ष्यासारखी वाटते आणि अख्खी पट्टी एका क्षणात रिकामी होते.

शेवटची विनंती. मानेत रंगीत पट्टा किंवा पायात कडं असलेला हंस दिसला तर सुंदर फोटो बाजूला ठेवा आणि आधी नोंदीचा फोटो घ्या. या पक्ष्यांना मंगोलियात आणि भारतातही असे पट्टे घातलेले आहेत. पट्ट्यावरची अक्षरं मानेभोवती असतात, एका बाजूने पूर्ण वाचता येत नाहीत. पक्षी वळेपर्यंत थांबून दोन्ही बाजूंच्या फ्रेम घ्या, १/२००० आणि डोक्यापेक्षा पट्ट्यावर फोकस. एक्स्पोजर अर्धा स्टॉप कमी, म्हणजे फिकट अक्षरं जळणार नाहीत. पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, वाचण्याची दिशा, तारीख, वेळ, गावाचं नाव आणि सोबत किती पक्षी होते हे त्याच जागी लिहा, आणि मूळ न कापलेल्या फ्रेमसह मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. एखादं अक्षर अर्धवट वाचलं गेलं असेल तर तिथे अंदाज लिहू नका, प्रश्नचिन्ह टाका. बाकीची अक्षरं आणि रंग यांवरूनही पक्षी ओळखता येण्याची शक्यता असते, चुकीच्या अक्षरावरून मात्र भलताच पक्षी निघतो.